मतलई

रथसप्तमीला आमच्या मालवणच्या घरी अंगणात गोवऱ्या पेटवून त्यांवर बोळक्यात दूध ठेवतात. ते उतू जाऊ द्यायचं असतं. दूध कुठल्या बाजूला सांडतं ते बघायला लहानपणी आम्ही पोरं उकिडवी बसून राहायचो. दोन वर्षांपूर्वी त्या दिवशी मी मालवणात गेलेली असूनही अंगणात नव्हते. सूर्य वर आला तेव्हा मी किनाऱ्यापासून 7 सागरी मैलांवर, एका 22 फुटी शिडाच्या होडीत सुकाणूचा दांडा धरून बसले होते. तोंड पश्चिमेला, सूर्य पाठीशी. मागे वळून पाहिलं तेव्हा त्याच्याखाली सह्याद्रीची पूर्ण रांग काळ्या कागदातून कातरून ठेवल्यासारखी उभी होती. आईने एव्हाना दूध ठेवलं असेल, असं मनात आलं.

होडी माझ्या चुलतभावाची, दादाची. गोव्यातून जुनी विकत आणलेली, फायबरची. एक मोठं शीड, पुढे एक लहान तिकोनी शीड आणि मागे अडीअडचणीला छोटं इंजिन. बरोबर आबा होते. आबा आमच्या नात्यातले नव्हेत. माझ्या आजोबांबरोबर रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायला असायचे. आता वय अठ्ठ्याहत्तर, पण दोरावरचा हात अजून तसाच. जमीन दिसेनाशी होईपर्यंत जायचं आणि दिवस मावळायच्या आत परत यायचं, एवढंच ठरलं होतं.

हे मला कित्येक वर्षं करायचं होतं, कारण समुद्राबद्दल मला जे काही ठाऊक होतं ते सगळं जमिनीवरून आलेलं होतं. आजोबा मासेमारी करायचे ती खुणांवर. समुद्रात कुठे खडप आहे, कुठे चिखल आहे हे वरून दिसत नाही. मग जमिनीवरच्या दोन वस्तू धरायच्या. देवळाचा कळस मागच्या डोंगराच्या खाचेत बसला की एक रेष झाली. दुसऱ्या बाजूला एखादा माड आणि त्यामागचा सडा, म्हणजे जांभ्याचं पठार, एकावर एक आले की दुसरी रेष. दोन्ही रेषा जिथे जुळतात तिथे जाळं टाकायचं. कागद नाही, आकडा नाही. आजोबांचा सगळा समुद्र असा जमिनीला बांधलेला होता. एखादा जुना वड वादळात पडला तर त्यांची एक जागाच हरवायची. मी स्वतः शिडाची होडी चालवायला शिकले ती पानशेतच्या धरणात, आणि तिथे तर चहूबाजूंनी डोंगर. तोंड फिरवाल तिकडे काठ. काठ नसलेल्या पाण्यात आपल्याला काही येतं का, हे मला बघायचं होतं.

दिवस आबांनी निवडला. रथसप्तमी म्हणजे माघातली शुद्ध सप्तमी, आणि आमच्याकडे भरतीची वेळ तिथीवरून काढतात: तिथीची पाऊणपट. साताची पाऊणपट सव्वापाच. म्हणजे पहाटे सव्वापाचच्या सुमाराला पूर्ण भरती आणि संध्याकाळीही जवळपास त्याच वेळेला. मालवणच्या बंदरात शिरताना आजूबाजूला खडक आहेत, त्यामुळे निघताना आणि येताना दोन्ही वेळा पाणी असणं बरं. शिवाय सप्तमी-अष्टमीला भांग असतो, भरती-ओहोटीत जोर नसतो, पाणी उगाच ओढत नाही. एका तिथीत एवढं सगळं बसवलेलं होतं.

आणि वारा. ज्यांनी कोकणात शीड पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी हे सांगायलाच हवं, कारण हजारो वर्षं या किनाऱ्यावरची माणसं याच एका गोष्टीच्या भरवशावर समुद्रात गेली आणि परत आली. पावसाळा सरल्यावर रात्री जमीन लवकर निवते, समुद्र ऊबदार राहतो. त्यामुळे पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तो मतलई. दुपारी उलट: जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्राकडून खारा वारा आत शिरतो. पहाटे मतलईने बाहेर न्यायचं, दुपारनंतर खाऱ्या वाऱ्याने घरी आणायचं. ही सोय कुणी केली असेल, असा प्रश्न मला लहानपणी पडायचा. आजही पडतो.

साडेचारला नांगर उचलला. चंद्र मध्यरात्रीनंतरच मावळला होता, अंधार गच्च होता. सिंधुदुर्गाचा तट डावीकडे नुसता एक दाटपणा म्हणून जाणवत होता. आबा पुढे उभे राहून हाताने खुणा करत होते आणि मी त्या न दिसणाऱ्या खडकांमधून, केवळ त्यांच्या हाताकडे बघत, होडी काढली. उजवीकडे ध्रुव होता. हात लांब करून मूठ धरली तर क्षितिजापासून दीड मुठीवर. मालवण 16 अंश अक्षांशावर आहे आणि ध्रुव तिथून जवळपास तितकाच वर दिसतो. जुने अरब खलाशी एका लाकडी फळीला गाठींची दोरी बांधून हेच मोजत, त्या साधनाला कमाल म्हणत. मी मुठीने मोजलं. इतक्या साध्या गोष्टीने आपण पृथ्वीवर कुठे आहोत याचा निम्मा हिशेब लागतो, याचं मला तेव्हा फार नवल वाटलं.

बाहेर पडल्यावर आबांनी फोन मागून घेतले आणि झाकणाच्या डब्यात टाकले.

"डब्यातच ऱ्हवांदेत गे. तेंच्याकडे बघलंस तर दर्याकडे बघूचंस नाय."

उरलं होकायंत्र, घड्याळ आणि नारळाची सोडणं. सोडणाचं काम असं: दादा होडीच्या नाकापाशी एक तुकडा पाण्यात टाकायचा आणि "गेला" म्हणायचा. तुकडा माझ्या कोपराशी, होडीच्या ढुंगणाशी पोहोचेपर्यंत मी सेकंद मोजायचे. 22 फूट अंतर, साडेचार सेकंद. म्हणजे तासाला जेमतेम तीन सागरी मैल. दर अर्ध्या तासाने एक तुकडा आणि वहीत एक नोंद. सोडणाचा तो तपकिरी, केसाळ तुकडा होडीच्या अंगाला घासत, जरा गिरकी घेत यायचा आणि मागच्या फेसात नाहीसा व्हायचा. सकाळभर मी त्यांच्याकडे इतक्या वेळा पाहिलं की अजून डोळे मिटले की दिसतात.

मला वाटलं होतं जमीन खालून वर बुडत जाईल. शाळेत तसंच शिकवतात. आधी वाळू, मग घरांची कौलं, मग माड, मग डोंगर. सुरुवातीला झालंही तसंच. होडीत बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून सव्वा मीटरभर उंच असतात आणि तिथून क्षितिज चारेक किलोमीटरवर असतं. फार मोठं नसतं ते वर्तुळ. किनाऱ्याची पांढरी कड सूर्य उगवायच्या आतच गेली होती. पण सह्याद्रीचं गणित वेगळं आहे. आठ-नऊशे मीटर उंचीचे डोंगर शंभर किलोमीटरवरूनही क्षितिजाच्या वर राहायला हवेत. डोंगरांपासून तेवढे लांब आम्ही जाणारच नव्हतो. सूर्योदयाला ते किती स्पष्ट होते ते मी सांगितलंच. आठ वाजता ती रांग करडी झाली. साडेआठला निळसर. नऊनंतर मी एकदा वहीत नोंद करून मान वर केली, तर मागे काहीच नव्हतं. पाण्यावर एक दुधी पट्टा आणि त्यात डोळे दिपवणारा सूर्य. जमीन बुडालीच नव्हती, धुरकटात विरली होती. ती नेमकी कधी गेली, तो क्षण माझ्या हातून निसटला, आणि याच क्षणासाठी मी आले होते.

मी आबांना म्हटलं, किनारा गेला.

"किनारो खय जातलो? थयसरच आसा. तुका दिसणा नाय इतक्याच."

आणि खरंच, तो गेला नव्हता. कारण मतलई अजून वाहत होता आणि मतलईला वास होता. फेब्रुवारीत आमच्याकडे तरवा भाजतात. भाताचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा, कवळं, शेण पसरून पेटवतात. तो करपट, गोडसर धूर वाऱ्यावर चढून समुद्रात आला होता. त्यात मधूनच काजूच्या मोहोराचा तुरट वास. पंचवीस-तीस किलोमीटर पाण्यावरून. माझ्या डोळ्यांसमोर चारी दिशांना पाणी होतं आणि नाकात आमच्या मळ्याचा बांध होता. ऐकू येणं तर केव्हाच थांबलं होतं. बंदरातल्या इंजिनांची शेवटची धडधड सहाच्या आधीच. पण वास राहिला. असं काही असेल हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आबांनाही मी विचारलं तेव्हा ते नुसते हसले, त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटत नसावं.

सव्वादहाला मतलई पडला. आधी पुढचं शीड लुळं झालं, मग मोठं. नोंदींप्रमाणे आम्ही 17 मैलांवर, म्हणजे एकतीस-बत्तीस किलोमीटरवर होतो. आणि वारा थांबला तसा वास थांबला. जमीन खरी गेली ती तेव्हा.

आता मला भीतीबद्दल लिहायचं आहे. बुडण्याची भीती नव्हती. लाईफ जॅकेट अंगात होतं, इंजिन मागे होतं, दर्या शांत होता. पण पाठीचा कणा कुठे टेकवावा हे शरीराला कळेना. पाणी तेलासारखं गुळगुळीत आणि त्याखालून लांबून आलेल्या लाटा सावकाश होडीला उचलत, ठेवत होत्या. वारा नसल्यामुळे होडीला तोंड राहिलं नव्हतं; ती आपली आपण फिरत होती. एकदा सूर्य उजव्या खांद्यावर, थोड्या वेळाने डाव्या. शिडाचा आडवा दांडा प्रत्येक लाटेला या बाजूचा त्या बाजूला आदळत होता, कप्पी करकरत होती. होकायंत्राची चकती माझ्यासमोर हळूहळू सरकत होती आणि मला ठामपणे वाटत होतं की चकतीच फिरतेय, आपण नाही. पोटात ढवळलं. मालवणची मुलगी असून मला बोट लागली. आबांनी आमसुलाचा तुकडा दिला आणि लांब, पाण्याच्या कडेला बघत राहायला सांगितलं. दादा पुढे शिडाच्या सावलीत झोपून गेला होता.

त्या कडेला बघत बसले तेव्हा म्हादेई आठवली. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेलं 56 फुटी शिडाचं जहाज. व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी भारतीय माणसाने एकट्याने शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा करावी हा ध्यास घेतला आणि दिलीप दोंदे 19 ऑगस्ट 2009 रोजी मुंबईहून निघाले. वाटेत फक्त चार बंदरं घेऊन ते पुढच्या मे महिन्यात परत आले. एकट्याने जगाला वळसा घालणारे पहिले भारतीय. त्याच म्हादेईवर पुढे अभिलाष टॉमी कुठेही न थांबता गेले, 2012-13 साली, पाच महिने. ही वर्णनं मी पूर्वी भक्तीने वाचली होती. लाटांची उंची, फाटलेली शिडं, दक्षिण महासागरातली थंडी, सगळं पाठ होतं. पण वारा पडल्यावर काय होतं ते मी वाचताना पानं उलटून पुढे गेले होते. आता कळत होतं की त्या महिन्यांमधले कितीतरी तास असे गेले असतील, शीड आदळत, तोंड हरवून. त्या माणसांबद्दलचा माझा आदर त्या अडीच तासांत जितका वाढला तितका कुठल्याही वादळाच्या वर्णनाने वाढला नव्हता.

आबांनी भाकरी आणि गोलम्याची चटणी काढली. खाता खाता ते त्यांच्या लहानपणाबद्दल बोलले. बाराव्या-तेराव्या वर्षी ते एका पडावावर, म्हणजे शिडाच्या मालवाहू होडीवर, भंडारी होते, म्हणजे खलाशांचा स्वयंपाक करायला. मंगलोरी कौलं भरून मुंबईला. मी विचारलं, तेव्हा जमीन सोडून असे बाहेर जायचात का. नाही म्हणाले. डोंगर दिसत ठेवायचा, रात्री दीपस्तंभ दिसत ठेवायचा. आमचा सगळा इतिहासच बहुधा तसा आहे. मराठ्यांच्या आरमारातल्या गुराबा आणि गलबतं किनाऱ्याच्या, खाड्यांच्या आसऱ्याने लढली आणि त्यात त्यांचं बळही होतं. वर समुद्र ओलांडू नये हा धर्माचा धाक. तरी किनाऱ्यापासून शंभराहून जास्त किलोमीटर आत, आम्ही थांबलो होतो त्याच्या तिपटीहून लांब, समुद्राच्या पोटात प्रवाळाचं एक मोठं पठार आहे आणि त्याला आंग्रिया बँक म्हणतात, कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून. जमिनीवरून कधीच न दिसणाऱ्या जागेला आपल्या माणसाचं नाव आहे, हे मला फार आवडतं. कधीतरी तिथवर जायचं आहे.

पावणेएकला उत्तर-पश्चिमेला पाण्याचा रंग बदलला. गुळगुळीत काचेवर कुणी खरखरीत हात फिरवावा तशी एक गडद पट्टी आमच्याकडे सरकत आली. पहिली झुळूक माझ्या डाव्या गालाला लागली आणि होडी थरथरली, जनावर उठताना थरथरतं तशी. दादा जागा झाला.

इथे मी चूक करणार होते. मालवण सरळ पूर्वेला, म्हणून मी होडीचं तोंड सरळ पूर्वेला वळवलं. आबांनी माझ्या हातावर हात ठेवून दांडा ढकलला.

"सरळ मालवण धरूचा नाय. वायच उत्तरेक मारूचा. मगे वाऱ्याबरोबर खाली येवचा."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. अडीच तास आपण पाण्यावर पडून होतो. पाण्याने आपल्याला कुठे नेलं कुणाला माहीत? या किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेला वाहतो, थंडीत उत्तरेला, आणि फेब्रुवारीत तो कमजोर पडत असतो, त्याचा काही नेम नाही. सरळ मालवण धरलं आणि किनारा दिसल्यावर मालवण समोर नसलं, तर ते डावीकडे राहिलं की उजवीकडे? लांबून सगळे सडे सारखेच दिसतात. चुकीच्या बाजूला वळलो तर अंधार पडेल. म्हणून मुद्दाम चार मैल उत्तरेला चुकायचं. मग किनारा दिसला की विचारच करायचा नाही, उजवीकडे वळायचं. शिवाय वारा उत्तरेकडचा, त्यामुळे तिकडून खाली येणं सोपं; दक्षिणेला चुकलो तर वाऱ्याशी भांडत वर चढावं लागेल.

"चुकलंव तर खयच्या अंगाक चुकलंव ता कळाक होया," आबा म्हणाले आणि पुन्हा जाऊन आपल्या जागी बसले.

हे वाक्य मी त्या दिवसापासून जवळ बाळगून आहे. जो माणूस आयुष्यभर डोंगर नजरेत ठेवून वावरला त्याला हे कुठून आलं असेल? पडावावर, धुक्यात, रात्री, कुणा नाखव्याकडून आलं असेल. मी विचारलं नाही.

ठरलेल्या दिशेला तोंड केलं आणि समोर चंद्र होता. सप्तमीचा अर्धा चंद्र दुपारीच पूर्वेला उगवलेला, धुरकटाच्या वर, सालपटासारखा पांढरा. बरोबर आमच्या नाकासमोर. पहिला तासभर होकायंत्राकडे पाहायची गरजच पडली नाही, चंद्र डोलकाठीच्या दोराला टेकवून ठेवला की झालं. मग तो वर चढला आणि पुन्हा चकती. पण आता होडीला तोंड होतं, वजन होतं, दांडा हातात जिवंत होता. सोडणाचा तुकडा पावणेतीन सेकंदांत मागे येत होता. पोट शांत झालं. गालावर वारा कुठे लागतोय एवढ्यावरून दिशा हलली की नाही ते कळायला लागलं; डाव्या कानामागे थोडा गार पट्टा, तो पुढे सरकला की मी वाट चुकतेय.

सव्वातीनच्या सुमाराला समोरच्या दुधी पट्ट्यात एक गाठ दिसली. आधी ढग वाटला. मग तिच्याखाली सरळ आडवी तपकिरी रेघ उमटली. सूर्य आता आमच्या मागे होता आणि सकाळी ज्याने जमीन झाकली तोच ती उजळत होता. रेघेला लाली चढली, जांभा ओळखू यायला लागला. मी दादाला हाक मारली तेव्हा माझा आवाज चिरकला. कुठला सडा होता तो, मला सांगता आलं नसतं. दादालाही नाही. आबांनी बराच वेळ पाहिलं आणि डावीकडची एक फट दाखवून म्हणाले, आचऱ्याची खाडी. पण त्याआधीच मी दांडा ओढला होता, उजवीकडे वळले होते. तोंडवळीची लांब वाळू, सुरूची बनं, मग सर्जेकोट, मग कोळंबची खाडी, आणि मग पाण्यातून वर आलेला सिंधुदुर्गाचा तट. आजोबांच्या खुणांपैकी एक मला येते. ती जुळताना पाहिली आणि मोठ्याने म्हणून दाखवली. आबांनी मान हलवली.

गंमत अशी की एवढी जवळ येऊनही जमिनीला वास नव्हता. वारा समुद्राकडचा, आमच्या पाठीमागून येणारा, सगळा वास आत ढकलत होता. माड, कौलं, वाळूवर खेळणारी मुलं, सगळं दिसत होतं, पण चित्रातलं असल्यासारखं. पावणेसहाला नांगर टाकला. दादाने लहान होडीतून किनाऱ्यावर सोडलं. घोटाभर पाण्यात उतरले, दोन पावलं वाळूत टाकली आणि मग एकदम सगळं आलं: सुकत घातलेली मासळी, डिझेल, ओली दोरखंडं, कुणाच्या तरी घरची फोडणी.

आईने दुधाचा प्रसाद ठेवला होता. सांगायला पुष्कळ होतं, पण मी फार बोलले नाही, बोललेलं सगळं कमी वाटत होतं. रात्री पाठ टेकली तर खाट उचलली जात होती आणि खाली ठेवली जात होती. कधीतरी उत्तररात्री जाग आली. मतलई सुटला होता. खिडकीतून तरव्याच्या धुराचा वास आत आला, खोलीतून गेला आणि समोरच्या खिडकीतून बाहेर, माडांवरून, समुद्राकडे निघाला.